तिसरं तक्रारपत्र

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंग होत. सात कॉम्प्युटर, आणि सगळी ड्रॉइंग आतल्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर. वायरीतून ती तिथूनच यायची. १९९६च्या पावसाळ्यापासून सहा मशिनं नीट चालत आणि सातवं, कोपर गावच्या मालू तांडेलचं, मधूनच गोठायचं. पडद्यावर एकच ओळ: सर्व्हर उत्तर देत नाही.

ही मशिनं सांभाळायचा पगार मी घेत होतो. वायर बदलली, कार्ड बदललं, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला. उरली कोण? मालू.

नवी पोरगी. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली, दसऱ्यानंतरच्या शनिवारी मुदत संपणार. मी केबिनमधून बाहेर यावं तर ही हाताची घडी घालून बसलेली. मी रजेवर असलो की हिचं मशीन दिवसभर सुरळीत! म्हणजे मलाच खाली पाहायला लावायचंय. मनात पाल चुकचुकली ती थांबेचना. एकदा तर मला बघून तिने छोटी वही पटकन ओढणीखाली सरकवली. माझं डोकंच फिरलं. आमचे मालक प्रभाकर साहेब, त्यांना दोन तक्रारपत्रं दिली; त्यांनी ती तिला वाचून दाखवली. तिसरं, 'हिला कायम करू नये' असं, केबिनमधल्या जुन्या मशीनवर टाइप करून ठेवलं.

खंडेनवमीला सगळी मशिनं बंद करून हळदकुंकू, झेंडू वाहिला. मग दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी साहेब पेढे वाटत होते आणि मी रिवाजाप्रमाणे आधी केबिनमधलं माझं मशीन चालू करायला निघालो.

"सर, आज माझं पहिलं लावा," मालू म्हणाली. "तुमचं शेवटी."

"का गं?"

"साहेब आहेत ना. सगळ्यांसमोरच बघू."

तिचं लागलं, ड्रॉइंग उघडलं. मग बाकीची सहा एकेक करून लागली. तिचं चालूच. "बघा, आज बरं चालतंय," मी साहेबांकडे बघत तिला टोमणा मारला आणि माझं बटण दाबलं. दोन मिनिटांत मालूचा पडदा गोठला.

"बंद करा," मालू म्हणाली.

केलं. जरा वेळाने तिच्या पडद्यावरचा पाइप पुन्हा हलू लागला.

पावसाळ्यात ते जुनं मशीन मी पत्रांसाठी उभं केलं होतं. सेटिंग मालूच्या मशीनवरून जशीच्या तशी उतरवली आणि सर्व्हर ज्यावरून मशीन ओळखतो तो नंबर बदलायचा विसरलो. एका नंबराची दोन घरं. सर्व्हर तिचं टपाल माझ्या दारात टाकत होता. मी तिच्याविरुद्ध टाइप करायला बसलो की तिचं काम बंद पडत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मालूने वही टेबलावर ठेवली. तारीख, वेळ, आणि प्रत्येक नोंदीपुढे: सर टायपिंग करतायत.

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तेही तुम्ही पुढच्या पत्रात लिहिलं असतं."

साहेब म्हणाले, "कुंडलिकराव, आता तुम्हीच लिहून द्या."

मी कोरा कागद घेतला आणि हातानेच लिहिलं. चूक माझी आहे, मालू तांडेलला कायम करावं.

"सर, मी वाचू?"

मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने शेवटपर्यंत वाचला, आणि तारीख-वेळ वहीत उतरवून घेतली.