कोहक्याचा पत्ता

मी टोपा बोलतोय. कारखान्यात मला हेल्मेट म्हणत, पण माझ्या मालकाच्या बायकोच्या, मथुराबाईंच्या तोंडी मी कायम टोपाच, आणि तेच नाव मला आवडतं. रंग पिवळा, अंगभर ओरखडे. सध्याचा मुक्काम भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या एका क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात, हुकाला उलटा टांगलेला.

माझा जन्म साच्यातला. माझे ढीगभर भाऊ एकाच दिवशी जन्मले आणि कोण कुणाच्या डोक्यावर गेला, देव जाणे. माझ्या नशिबी हिरालालचं डोकं आलं. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पोलादाच्या शेडमध्ये क्रेन चालवायचा. वितळलेल्या पोलादाने भरलेली घराएवढी बादली तो अशी उचलायचा, न्यायचा आणि टेकवायचा की थेंब हिंदकळत नसे. त्याचा त्याला गर्व होता. असावाच. फक्त गर्व सगळीकडे कामी येत नाही, हे आम्हा दोघांना उशिरा कळलं.

बाकी माणूस तऱ्हेवाईक. स्कूटरचं हेल्मेट घरात धूळ खात पडलेलं आणि भाजी आणायला जातानाही डोक्यावर मी. पिशवी विसरला की येताना माझ्यातच वांगी भरायचा आणि स्वतः बोडका यायचा. मी निमूट वांगी वाहिली. नोकरी म्हटली की असं चालायचंच.

जानेवारीत हिरालाल निवृत्त झाला. हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या वेळेला तो आंघोळ करून खुर्चीत बसला. जायचं कुठेच नव्हतं. असं बरेच दिवस चाललं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोहक्याला स्वतःचं घर बांधून तयार होतं, पण त्याचा विषय निघाला की हा नुसता ‘तिकडचं’ म्हणायचा. मला त्याची कीव येई. माझीही गत वेगळी नव्हती. मथुराबाईंनी मला पट्ट्याने हुकाला अडकवलं आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले.

फाल्गुनात एक बुलबुल आली. शेपटीखाली लाल ठिपका, डोक्यावर तुरा, नजर चौकस. तिने चिमटे हलवून पाहिले, मान तिरपी केली आणि गेली. हिरालालने ते पाहिलं मात्र, चिमटे काढून डब्यात टाकले. मग ती नराला घेऊन आली, दोघांनी गवताच्या काड्या आणल्या, कोळ्याची जाळी आणली, आणि जिथे वर्षानुवर्षं हिरालालचं टक्कल टेकलं होतं तिथे तीन अंडी आली. एवढं हलकं ओझं मी आयुष्यात कधी वाहिलं नव्हतं.

हिरालालला ड्युटी मिळाली. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून तो दिवसभर बघत बसे. पिलं निघाली, तेव्हा मथुराबाईंना हाताला धरून घेऊन आला आणि कुजबुजला, “पाह्य, एक आल्याशिवाय दुसरा जागा सोडत नाही. आमच्या शिफ्टसारखं.” पिलांची घाण आईबाप चोचीत धरून लांब नेऊन टाकत. मथुराबाई म्हणाल्या, या घरट्यातला बाप निदान तेवढं तरी करतो. हिरालाल हसला. निवृत्तीनंतर तो हसलेला मी तेव्हाच पाहिला.

पण पाडवा जवळ आला. साडेतीन मुहूर्तांतला एक, गृहप्रवेशाला तो चुकवायचा नाही, असं मथुराबाईंनी कधीच ठरवलं होतं. क्वार्टरची किल्लीही त्याच दिवशी द्यायची होती, कारण तिथे राहायला येणाऱ्या नव्या माणसांनाही तोच मुहूर्त हवा होता. पिलांना अजून धड पिसं फुटली नव्हती. नव्या लोकांनी पहिल्याच झाडलोटीत घरटं फेकलं तर, या विचाराने हिरालालला झोप येईना.

शेवटी त्याने ठरवलं, मला सोबत न्यायचं. एवढं जळतं पोलाद हलवलं, ही तीन पिलं काय!

सामानाचा ट्रक पुढे गेला. मुलगी समीक्षा स्कूटी चालवत होती, मागे हिरालाल, आणि त्याच्या दोन्ही तळहातांवर मी. गतिरोधक आला की तो मला हळूच वर उचलून धरी. सांगतो, सबंध वाटेत पिलांची मानसुद्धा डुलली नाही. कोहक्याच्या व्हरांड्यात आधीच ठोकलेल्या हुकाला त्याने मला लावलं आणि छाती फुगवून मथुराबाईंना म्हणाला, “काई समजलंबी नाही त्याहिले.”

गुढी उभी राहिली, पूजा झाली. पिलं चोची वासून ओरडत होती. समोरच्या तारेवर त्यांच्या आईबापांपैकी कुणी आलं नाही. हिरालालने काडीवर पपईचा गर धरला, तो त्यांनी घेतला नाही. ऊन चढलं, तसा माझ्यातला आवाज बारीक होत गेला. त्यांची अंगं थरथरत होती. मी वर्षानुवर्षं एक डोकं फुटण्यापासून वाचवणारा, आणि मला काहीच करता येत नव्हतं.

पुरणाचं ताट तसंच ठेवून मथुराबाई बाहेर आल्या. “तुमी अलगद आनलं, ते खरं हाये,” त्या म्हणाल्या. “पन त्याहिच्या मायले कोहक्याचा पत्ता कोन सांगन?”

हिरालालने हातातली काडी खाली टाकली. मला उतरवलं आणि समीक्षाला स्कूटी काढायला लावली.

ज्या दाराची कडी त्याने आयुष्यभर न विचारता उघडली, त्या दारासमोर तो घंटी वाजवून उभा राहिला. दार नूतन नावाच्या तरण्या बाईने उघडलं. हातात झाडू होता.

“बेटा, इथं घर हाये,” तो म्हणाला. “माहं नाही. याहिचं.” आणि त्याने मला पुढे केलं.

नूतनने आत वाकून पाहिलं. मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, “या नं काका. ते दोघं सकाळपासून तारेवर ओरडून राहिले. मले समजेच नाही कावून.”

तोच हुक, तोच व्हरांडा. सगळे दाराआड उभे राहिले. बराच वेळ तारेवरची चिवचिव नुसती चालू होती. मग माझ्या काठावर नखं रुतली. चोचीत हिरवी अळी होती. पिलांनी चोची वासल्या, दोन लगेच, तिसऱ्याची बऱ्याच वेळाने. हिरालालने डोळे पुसले, आणि ते लपवलं नाही.

मग तो रोज यायचा. नूतन खुर्ची टाकायची, चहा द्यायची. पिलं एकेक करून काठावर आली, भेलकांडली आणि उडाली. धाकटं दोन दिवस रुसून बसलं होतं, तेही गेलं.

परवा हिरालाल पिशवी घेऊन आला, मला न्यायला. हात हुकापर्यंत गेला. समोर तारेवर ती जोडी पुन्हा येऊन बसली होती, आणि मादीच्या चोचीत गवताची काडी होती. त्याने हात खाली घेतला.

“राहू दे, बेटा,” तो नूतनला म्हणाला. “आता माह्या डोक्यावर काई पडत नाही.”

उद्या येणार का, तिने विचारलं.

“नाही. घरी लय कामं पडले हायेत.”

कोहक्याला घर म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. मला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं.

जा, हिरालाल. इथली काळजी करू नकोस, नूतन मला हलवत नाही. फक्त ऊन फार तापायला लागलंय. बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा बांधत जा.