सापसुरळीचं इख

सुप्रिया म्हंजी माझी धाकटी जाऊ. वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेली, बारावी शिकलेली. श्याण्णव साली लगीन होऊन घरात आली आन् दिवाळीच्या आत तिनं माझा मान घालवला.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाला काय चावलं, की माणूस आदी माझ्या दारात. मी कडुलिंबाचा पाला चावायला देणार. कडू लागला तर इख चढलं न्हाय, गोड लागला तर इंदापूरच्या दवाखान्यात पळा. आन् सापसुरळी, तो चकचकीत अंगाचा सरडा, तो तर समद्यांत इखारी. तो चावलेली किती माणसं मी वाचवली. समद्यांना पाला कडूच लागला. "मालाक्का हायत म्हणून निभावलं," म्हणायची माणसं.

आन् ही बया एक दिवस उसाच्या बांधावर समद्या बायांपुढं म्हणती कशी, "सापसुरळीला विषच नसतं, आक्का. विषारी सरडे आपल्या देशातच नाहीत." बाया माझ्याकडं बघाय लागल्या. माझं टाळकं सरकलं. इखच न्हाय, तर मग मी वाचवलं कुणाला?

हिला पुस्तकातच दावते, म्हणलं. सातवीपतूर मी बी शिकलेय. बाजाराचं निमित्त काढून यष्टीनं बारामती गाठली आन् थेट वाचनालयात शिरले. तितं बापूसाहेब म्हणून ग्रंथपाल हुते. म्हणलं, इखारी सरड्यांवरचं पुस्तक द्या.

त्यांनी कपाट उघडलं. म्होरंच एक पातळ पुस्तक हुतं. मी घाईनं पानं उलटली, तर छापलेलं, 'सर्व सरडे अतिविषारी.' माझा जीव भांड्यात पडला.

"हेच द्या," म्हणलं.

"ते राहू द्या, बाई," बापूसाहेब म्हणाले. "लिहिणाऱ्यानं सरडा कुठं बघितला, चावल्यावर कुणाला काय झालं, काहीच नाही त्यात. सगळी ऐकीव माहिती. संदर्भाला हे घ्या. पण घरी न्यायचं नाही, इथंच बसून वाचायचं."

जाड पुस्तक हुतं. पानोपानी फोटो, कुठला प्राणी कुणी कुठं तपासला त्ये खाली दिलेलं. बोट ठेवून वाचलं. इखारी म्हणून पक्के सरडे दोनच, ते बी पार अमेरिकेकडचे. सापसुरळीचा फोटो थेट आमच्या बांधावरचा वाटावा असा, आन् खाली लिवलेलं, बिनविषारी.

आग लागो तिच्या तोंडाला, खरं बोलली हुती. मला रडूच यायला लागलं. एवढा मोठा देश आपला, एखादा इखारी सरडा हितं असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

यष्टीत बसल्या बसल्या ठरवलं, खरं सांगायचंच हाय तर आता मी सांगणार. तिनं नुसती तोंडाची वाफ दवडली, मी पुस्तक वाचून आलेय.

संधी बी लगीच आली. शेजारची बनाबाई बोट धरून दारात उभी. सापसुरळी चावली म्हणाली. मी पाला आणला न्हाय. तिला ओट्यावर बसवलं, बोट साबणानं धुतलं आन् ठसक्यात म्हणलं, "भिऊ नको, बने. सापसुरळीला इख नसतंय. बारामतीला मोठ्या पुस्तकात वाचून आलेय मी."

"व्हय, धाकल्या वैनी म्हणल्याच हुत्या," बनाबाई म्हणाली. "त्यास्नीच दावायला आलेय. त्यांनी एकदा बघितलं म्हंजी जिवाला बरं. हायत का घरात?"

"न्हाय," मी म्हणलं. "म्हायेरी गेलीय."

तेवढ्यात आतनं भाकरी थापल्याचा आवाज आला. माझ्याकडं न बघताच बनाबाईनं चपला काढल्या आन् आत गेली.