खडकावर सोडलेली तिपाई

मित्रांनो, जुनी झाले असले तरी मी तिपाई आहे, स्टूल नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण परवाच एक शहाणा माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायला निघाला होता. मी कॅमेरा उभा करायची तिपाई. हल्लीची मुलं ट्रायपॉड म्हणतात. म्हणोत बापडी.

एका सुताराने मुरलेल्या लाकडाचे तीन पाय तासून मला घडवलं. सांध्यांना पितळी पट्ट्या बसवल्या, पायांच्या टोकांना लोखंडी अण्या ठोकल्या. शाळा मी पाहिली ती वर्गाचा फोटो काढण्यापुरती, तीही अंगणातून. पण उभं कसं राहायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मला एका स्टुडिओवाल्याने घेतलं. त्यांना मी मालक म्हणते. माझ्यासमोरून रडकी बाळं गेली, ताठलेले नवरदेव गेले, पोट आत ओढून धरणारे पुढारी गेले. मी कुणासाठी हलले नाही. पण मालकांचा जीव नदीवर. संध्याकाळी ते मला काठावर रोवायचे आणि कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचे. तेवढ्या वेळात वाहतं पाणी चित्रात मऊ होऊन जायचं, सायीसारखं. लोक विचारायचे, "हे कुठलं हो ठिकाण?" रोज त्याच नदीवर धुणं धुणारे लोक हे विचारायचे. मालकांना त्याचा अभिमान वाटे. खोटं कशाला बोलू, मलाही वाटे.

मग मालकांचे हात कापायला लागले. कॅमेरा त्यांच्या सुनेने घेतला. पाठोपाठ बाजारात हलक्या, चकचकीत तिपाया आल्या, फुंकर मारली तर उडतील अशा. मी दाराआड गेले. माझ्या अंगावर ओल्या छत्र्या टांगू लागले. दिवस फिरले की असंच असतं.

एके दिवशी नावाडीण मावशी स्टुडिओत आली. ती नदीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीतली. सगळ्या गावाला पैलतीरी नेणारी. ती बसली नाही.

"नदीत मासे मरून वर येताहेत," ती म्हणाली. "आणि मासेमारी खात्याचा साहेब म्हणतो, तुम्हीच विष टाकून मारता. सोमवारी चौकशी आहे. जाळी आणि होड्या जप्त करणार. आम्ही काय खायचं, दगड?"

मासे मारत होता वरचा कापड रंगवायचा कारखाना, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तक्रार मात्र कारखान्यानेच केली होती. चोराच्या उलट्या बोंबा.

पुराव्याचे फोटो काढायला सूनबाईने मला दाराआडून काढलं, कारण नव्या तिपाया चिखलात कलंडत होत्या. आम्ही काठावर उभ्या राहिलो. समोरून फेस वाहत होता आणि फेसातून पांढऱ्या पोटांचे मासे. तिने सासऱ्यांनी शिकवलं होतं तसंच शटर लांबवलं. हात आपोआप तिकडेच गेला. फोटो धुऊन झाले तेव्हा सासरा आणि सून, दोघांनी माना डोलावल्या. काय सफाई, काय उजेड! फोटोंचं बाड घेऊन ती चौकशीला गेली.

साहेबांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, "सुंदर. यातला एक मोठा करून द्या, केबिनमध्ये लावतो."

मावशीने फोटो ओढून घेतला. "आणि माझे मासे कुठे गेले?"

मित्रांनो, मासे वाहत होते. शटर उघडं राहिलं तेवढ्या वेळात एकही मासा जागेवर थांबला नव्हता, म्हणून एकही चित्रात उरला नव्हता. फेसाचं धुकं झालं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "आणि मेलेले मासे दाखवाल हो," साहेब वर म्हणाले, "मारले कुणी ते दाखवा. पुढच्या सोमवारपर्यंत मुदत देतो, नंतर जप्ती."

घरी आल्यावर सूनबाई सासऱ्यांशी पहिल्यांदा वर मान करून बोलली. "बाबा, आता शटर झटकन मिटणार."

"ढगाळ हवा आहे. फोटो काळपट येईल, खरबरीत येईल."

"येऊ दे. मला मासे हवेत."

मालक स्वतःच्या कापऱ्या हातांनी माझ्या सांध्यांना तेल घालत बसले.

कारखान्याचा पाइप नदीच्या वळणाआड होता. तो दिसायचा फक्त मधल्या खडकावरून. आणि कारखाना तो पाइप उघडायचा धरणाचं पाणी सुटलं की, म्हणजे सगळी घाण लोंढ्याबरोबर वाहून जायची. पाणी सोडण्याआधी भोंगा व्हायचा. भोंगा झाला की नदीतली माणसं बाहेर पळायची. आम्हाला नेमकं तेव्हाच आत थांबायचं होतं.

मावशीने होडी खडकाला लावली, दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि खडकाला पाय रोवून बसली. सूनबाईने माझा एक पाय खडकाच्या भेगेत घट्ट बसवला आणि माझ्या डोक्यावर लांबलचक लेन्स लावलेला कॅमेरा चढवला. वजन म्हणाल तर दुधाची भरलेली किटली. नव्या तिपायांनी तर गुडघेच टेकले असते.

भोंगा झाला.

पाइप मिटलेलाच होता. पाणी माझ्या अण्यांना लागलं. थंडगार.

"पोरी, पाणी आलं," मावशी म्हणाली.

"पाइप उघडला नाही अजून."

"त्यांचं काय जातंय? ते घरी बसून उघडतील. बुडायचं आपल्याला."

पाणी पहिल्या पितळी पट्टीवर चढलं. सूनबाईच्या पोटऱ्या बुडाल्या. प्रवाह माझे पाय ओढत होता आणि मी दात-ओठ खाऊन उभी होते. दात नाहीत ही गोष्ट वेगळी. मी केसभर हलले असते तरी एवढ्या लांबून पाइपाचा नुसता डाग आला असता.

तेवढ्यात पाइप खोकला. आधी वारा, मग एकदम जांभळंकाळं पाणी भसकन बाहेर आलं. त्याच्या तोंडाशी मासे उसळले, वाकडे झाले, उलटे झाले. सूनबाईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली. मावशी आता हाक मारत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. दोर तिच्या कमरेत रुतला होता.

"झालं," सूनबाई म्हणाली.

कॅमेरा सुटेना. माझा स्क्रू जन्माचा घट्ट. आपण जरा ढिल्या असतो तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तिने दोन्ही हातांनी पीळ दिला, कॅमेरा काढून रबरी पिशवीत घातला आणि मग माझ्या भेगेतल्या पायाला हात घातला. एकदा ओढला, दोनदा ओढला. पाणी तिच्या मांड्यांवर आलं.

"सोड तिला," मावशी म्हणाली. "ती लाकडाची आहे, तू नाहीस."

तिने सोडलं. होडी वळली, गरकन फिरली, लाटेआड गेली. ती काठाला लागली की नाही, ते मला दिसलं नाही. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

पुढचं ऐकलेलं सांगते. फोटो काळपट आले, खरबरीत आले. साहेबांनी या वेळी चष्मा लावला. एकाच चित्रात पाइप होता, पाणी होतं आणि मासे होते, एकेक मोजून घ्यावा असे. साहेबांनी कारखान्याच्या माणसाला विचारलं, "हा पाइप कुणाचा?" तो छताकडे पाहू लागला. जप्ती रद्द झाली. पाइपाला कुलूप लागलं.

वस्तीने पुन्हा जाळी टाकली तेव्हा पहिलं जाळं फार जड लागलं. सगळे धावले, दोर ओढला.

"मासा कसला," मावशी म्हणाली, "म्हातारी लागलीय." मग ती काठावर मटकन बसली आणि पदराने मला पुसू लागली. ही बाई पुरात रडली नव्हती.

माझा भेगेतला पाय मोडून तिथेच राहिला होता. मालकांनी मावशीच्या जुन्या वल्ह्यातून नवा तासून घेतला. मी आता किंचित लंगडते. पण हलत नाही.

मित्रांनो, कुलपाला किल्ली असते आणि ती अजून कारखान्याच्याच खिशात आहे. म्हणून भोंगा झाला की सूनबाई मला घेऊन काठावर येते, शटर झटकन मिटवते आणि पाणी आहे तसं टिपते. मासे परतलेत, पण थोडे, लहान. तुमच्याही वाटेवर एखादी नदी, ओढा, निदान नाला तरी असेल. लांबून पाहून सुंदर म्हणू नका. जवळ जा, त्यातलं काय नाहीसं झालंय ते बघा. आणि घरातल्या जुन्या माणसांना, जुन्या वस्तूंना वेळेवर पुसा, तेल घाला, दाराआड टाकू नका. उपकार म्हणून नव्हे. भोंगा कधी होईल याचा नेम नसतो, आणि तेव्हा कुणीतरी उभं राहणारं लागतं.