गाडी सौंसरला जाते

योगेशनं उघड्या बॉनेटखाली वाकून पातळ कागद चेसिस नंबरावर ताणून धरला आणि विमा एजंट प्रवीण त्यावर पेन्सिल घासू लागला. मृणाल एका कडेवर अशूला घेऊन, दुसऱ्या हातानं मोबाइलचा उजेड धरून उभी होती. कागदावर एकेक आकडा उमटत होता.

"वहिनी, उजेड हलून राहिला."

"पोरगी हलून राहिली, भाऊ. मी नाही."

दीड वर्षाची अशू पेन्सिलीकडे झेपावत होती.

पांढरी कॉन्टेसा मृणालपेक्षा वयानं मोठी होती. योगेशचा दिवस पांढुर्ण्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात जायचा आणि जीव या गाडीत असायचा. विम्याच्या कागदावर मात्र आजवर तिची किंमत भंगाराचीच. यंदा मृणालनंच टुमणं लावलं. गेल्या वर्षी माहेरी सौंसरला जाताना रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली अगदी दाराला घासून गेली होती. मागच्या सीटला पट्टे नाहीत, अशू मांडीवर. तेव्हापासून तो रस्ता तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. निदान खऱ्या किमतीचा विमा तरी काढा, असं ती म्हणत राहिली. जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवू शकतात, हेही तिनंच वाचून सांगितलं. मग नागपूरहून कंपनीचा सर्व्हेअर आला, पत्र्यावर टिचक्या मारून गेला, आणि त्यानं लिहिलेली किंमत कंपनीनं मान्य केली. आज फक्त नंबर आणि फोटो राहिले होते.

प्रवीणनं कागद फाइलीत सरकवला. "झालं योगेशभाऊ. आता ही भंगार नाही, इज्जतदार बाई आहे."

"मंग यंदा गोटमारीले हलवायचीच नाही," योगेश हात पुसत म्हणाला. "राहू दे घरीच. गोटा पडला त कंपनी भरून देईन."

मृणालच्या हातातला उजेड खाली आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, जाम नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांवर गोटे फेकत, आणि यांचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. म्हणून दरवर्षी पोळ्याआधी कॉन्टेसा सौंसरला जायची, मृणालच्या वडिलांच्या अंगणात. आणि गाडीबरोबर मृणाल. एरवी सणाला सुनेनं घर सोडायचं नाव काढलं तरी सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. गाडीपुढे त्यांचंही चालत नसे. तिथं मृणाल उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायची. बाबा चहा करायचे, साखर नेहमी जास्त. आई गेल्यापासून ते बोलणं विसरल्यासारखे झाले होते; पण गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले की जुन्या शाळेतल्या पोरांपासून आईच्या बिघडलेल्या लोणच्यापर्यंत बोलत राहायचे. गाडी निघाली की अंगणात चाकांच्या खुणा उरत. त्यावरून बाबा बरेच दिवस झाडू फिरवत नाहीत, असं शेजारच्या काकूंनी एकदा सांगितलं होतं.

ओट्यावरून सासूबाईंनी ऐकलंच. "बरं झालं बाप्पा! यंदा नातीचा तान्हा पोळा घरी होईन. लाकडाचा नंदी आणून ठेवला मी. चाकाचा!"

त्यांच्या आवाजातला आनंद खरा होता. त्यावर रागावताही येईना.

"प्रवीणभाऊ," मृणाल म्हणाली, "समोरची काच फुटली तर?"

"पैसे भेटतीन ना वहिनी. पूर्ण."

"आणि काच?"

प्रवीणनं पेन्सिल कानामागे खोचली. "काच कंपनी शोधत नसते. ते तुमच्या साहेबांचं काम."

योगेशनं काचेकडे पाहिलं. त्या काचेसाठी तो नागपूरपासून जबलपूरपर्यंतची भंगाराची दुकानं हिंडला होता, आणि सापडली तेव्हा गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून आणली होती. पोरीले दवाखान्यातून आणलं तेव्हाही इतकं जपलं नव्हतं यानं, असं सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"बात त बरोबर आहे," तो पुटपुटला. "नेतो मंग सौंसरले."

मृणालनं अशूचा पाय धरून उगाच हलवला. अशू हसली.

"पण तू नको येऊ," योगेश म्हणाला. "तुले त्या रस्त्याची भीती वाटते. सालभर तेच ऐकून राहिलो ना मी? मी सोडून येतो, बसनं वापस. तू पोरीले घेऊन आरामात राहा इथं. आईचंही मन राहीन."

तो मायेनंच बोलत होता. शब्द सगळे तिचेच होते.

प्रवीण फटफटीवर बसून गेला. योगेश ओलं फडकं घेऊन गाडीत शिरला आणि काच आतून पुसू लागला. मृणालनं ओट्याच्या कडेला टेकून सौंसरला फोन लावला.

"बाबा, गाडी येऊन राहिली."

पलीकडे रेडिओचा आवाज बारीक झाला.

"हो का? बरं." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अंगणात गवत वाढलं होतं. कालच काढलं."

"तुम्ही काढलं? कंबर दुखते ना तुमची?"

"थोडंसंच होतं." ते खाकरले. "पाळणा उतरवून ठेवू का माळ्यावरून?"

तू येतेस का, हे त्यांनी विचारलं नाही. ते कधीच विचारत नसत. आई तिच्या माहेरी गेली की तिलासुद्धा, कधी येतेस, म्हणून विचारत नसत ते. नुसते बसस्टँडवर जाऊन उभे राहत.

मृणालनं गाडीकडे पाहिलं. दार उघडं होतं. फडकं काचेवर गोल गोल फिरत होतं. ट्रॉलीचं ते मागचं चाक पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे आलं. ते गेलं नाही. तिनं अशूला घट्ट धरलं.

"पाळण्यात मावत नाही ती आता, बाबा," ती म्हणाली, गाडीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "खाट टाका. माझ्या खाटेला लागून."

काचेवरचं फडकं थांबलं.