मागच्या सीटचं वजन

आमच्या यांना आयुष्यात एकच दुःख आहे, आणि त्या दुःखाचं लग्न माझ्या थोरल्या बहिणीशी झालेलं आहे.

दाजींकडे आणि यांच्याकडे अगदी एकसारख्या मोटरसायकली आहेत. लांबच्या प्रवासाच्या, रुंद सीटच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. दरवर्षी थंडी ओसरली की दोघे साडू डोंगराच्या रस्त्याने वरच्या चहाच्या दुकानापर्यंत जातात. ही शर्यत नाही, असं दोघंही गळ्याची शपथ घेऊन सांगतात. फक्त आधी पोचलेला खुर्चीत पाय पसरून बसतो आणि मागून येणाऱ्याला म्हणतो, "आलात का? मला वाटलं, मुक्काम करून येताय." गेली कित्येक वर्षं पसरलेले पाय दाजींचेच आहेत.

दाजी एकटे जातात. ताईला दुचाकीवर गरगरतं, म्हणून ती बसने येते आणि वाटभर झोपते. यांच्या मागे मात्र मी असते, लग्नानंतरच्या पहिल्या गाडीपासून. आमचे हे चष्म्याचं दुकान चालवतात, दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावतात. पण सख्ख्या बायकोएवढी मोठी गोष्ट काही यांना दिसली नाही. यांच्या मते दोष इंजिनाचा होता.

नवी, मोठी गाडी घ्यायला मी साफ नकार दिला. "मग आहे तिलाच खुराक देतो, तोही स्वस्तात," असं म्हणून यांनी मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. एका रविवारी अंगणात सतरंजी पसरून यांनी गाडीचा एअर फिल्टर काढून मोकळ्या जाळीचा बसवला, आणि मूळचा सायलेन्सर काढून एक आखूड, चकचकीत नळकांडं लावलं. गाडी सुरू केली तेव्हा शेजारच्यांचं बाळ उठलं, समोरच्यांचं कुत्रं पलंगाखाली गेलं, आणि यांची छाती दोन इंच फुगली.

"ऐकलंस? याला म्हणतात ताकद!"

"मला ऐकू येत नाहीये," मी म्हटलं. ते खरंच होतं.

चढाच्या रस्त्यावर मात्र ताकद कुठेतरी लपून बसली. गाडी खालच्या वेगात आचके देई, आणि अॅक्सिलरेटर सोडला की मागून फटाफट बार उडत. एका सायकलवाल्या आजोबांनी आम्हाला मागे टाकलं आणि वर हातही केला. हे दातओठ खात गाडी घेऊन थेट भाचीकडे गेले.

भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. तिचं मोटरसायकलींचं वर्कशॉप आहे, आणि जीभ पान्यापेक्षा कडक आहे. वर्कशॉपच्या मध्यभागी एक रोलर आहे. त्यावर गाडी बांधून जागच्या जागी पळवली की शेजारच्या लॅपटॉपवर ताकदीची रेघ उमटते. मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळची रेघ तिने जपून ठेवली होती. आता तिने नवी काढली. नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली रांगत होती.

"मामा, कमाल केलीत," ती म्हणाली. "स्वतःच्या हाताने ताकद कमी केलीत."

"पण आवाज बघ की केवढा आहे!"

"आवाजाने ताकद वाढत असती तर आमच्या आईने एव्हाना आगगाडी ओढली असती." मग तिने समजावलं. "तुम्ही इंजिनाला हवा जास्त दिलीत. पण पेट्रोल किती सोडायचं हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला तुम्ही काही कळवलंच नाहीत. तो बिचारा जुन्याच हिशेबाने पानात वाढतोय."

भाचीने मूळचा सायलेन्सर परत बसवायला लावला, लॅपटॉपला केबल जोडून पेट्रोलचं गणित नव्याने बसवलं, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले, टायरमध्ये बरोबर हवा भरली. शेवटी चेनचं पुढचं दातेरी चाक काढून एका दाताने लहान बसवलं. म्हणाली, "याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. सपाटीवर थोडी दमेल, पण चढाला जोर धरेल." पुन्हा रेघ काढली. ती जुन्या रेघेच्या जराशी वर आली, आमच्या यांच्या भुवया वर चढल्या तेवढीच.

"एवढंच?"

"इंजिनात एवढंच आहे, मामा. बाकी डिकीतला पसारा काढा."

घरी येऊन यांनी डिक्या काढल्या. मग हत्यारांची पिशवी काढली. मग मागच्या सीटची पाठ काढली, आणि तिथेच स्क्रू हातात घेऊन घुटमळत उभे राहिले. मी ओळखलं. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाची पाठसुद्धा वाचता येते.

"काय म्हणतो, या वर्षी तू ताईबरोबर बसने आलीस तर? तुलाही आराम."

मला राग यायला हवा होता. तो नंतर आला, आणि भरपूर आला. आधी नुसतं वाईट वाटलं. दुकान, घर, पाहुणे यांच्यात आमचं बोलणं गॅस सिलेंडर आणि लाइट बिलापलीकडे जात नाही. गाडीवर मात्र हे बोलतात. ढगांबद्दल, लहानपणाबद्दल, वाटेल त्याबद्दल. ती सीट माझी होती. एकदा बसने गेले असते, तर पुढच्या वर्षी कोणी विचारलंही नसतं.

"मी बसने जाणार नाही," मी एवढंच म्हटलं.

निघायच्या सकाळी सगळे ताईच्या दारात जमलो. ताई बसस्टॉपकडे गेली. मी हेल्मेट घालून उभी. दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे, आणि आपल्या मागच्या सीटवर थाप मारली. "या की, मेव्हणीबाई. जागा रिकामीच आहे."

मी यांच्याकडे पाहिलं. आता तरी हा माणूस काही बोलेल! पण यांचे डोळे दाजींच्या मागच्या चाकावर खिळले होते, आणि मी बसल्यावर ते चाक किती दबेल याचा हिशेब चेहऱ्यावर लख्ख दिसत होता. चक्क आनंद झाला होता गृहस्थांना. मी दाजींच्या मागे अशी दाणकन बसले की गाडी कण्हली.

चढ लागला आणि पहिल्याच वळणावर हे आम्हाला मागे टाकून सुसाट गेले. दाजी पुटपुटले, "आज याच्या गाडीला झालंय काय?"

तेवढ्यात माझ्या कानात आवाज आला, "खड्डा आहे गं, धर."

आमच्या दोघांच्या हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायचं यंत्र आहे. सवयीने मी माझं सुरू केलं होतं, यांनी यांचं. हे एक-दोन वळणं पुढे होते आणि मोकळ्या सीटशी गप्पा मारत होते.

"बघ, कशी ओढतेय! भाचीला मानलं पाहिजे." मग, "पाय अवघडला का? थांबू का जरा?" मग, "अगं, डावीकडे बघ, दरीत केवढं धुकं साचलंय." मग जरा वेळाने, "बोल ना काहीतरी."

मी बोलले नाही. राग होताच. पण यंत्र बंदही केलं नाही, खोटं कशाला सांगू?

"हात्तिच्या," असं कानात ऐकू आलं, आणि मग ब्रेकचा आवाज.

पुढच्या वळणावर हे रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभे. चहाचं दुकान तिथून दिसत होतं, रिकाम्या खुर्चीसकट. दाजींनी ब्रेक मारला. मी उतरले. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं, आणि दाजींनी दुसऱ्यांदा सांगायची वेळ आणली नाही.

"पंक्चर?" मी विचारलं.

"नाही."

"पेट्रोल संपलं?"

"नाही गं."

"मग जिंकत होतात ते थांबलात कशाला?"

यांनी हातमोजे काढले, परत घातले. "करमेना," म्हणाले. "जिंकून सांगणार कोणाला? त्या खुर्चीला?"

"माझ्या वजनाचं काय?"

"बस ना गं मागे. चुकलं माझं."

मी बसले. सीटला पाठ नव्हती, म्हणून यांना घट्ट धरावं लागलं. वर दाजी दुकानाशी पोचले होते, खुर्ची ओढत होते. यांनी तिकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली फिरवली.

"आता बोलतील की आपल्याला," मी म्हटलं.

"बोलू दे," हे म्हणाले. "तू ते धुकं पाहिलंस का, तेवढं सांग."

पाहिलं नव्हतं. यांनी गाडी उलटी वळवली आणि मला ते दाखवायला खाली घेऊन गेले.