मर्लीनची थर्टी-टू

माझी नणंद मर्लीन कुणाचाही सल्ला शांतपणे ऐकून घेते. बोलणाऱ्याला वाटतं, पटलं हिला. मग ती उठते आणि स्वतःला हवं तेच करते. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा नवरा रॉइस, लहानपणापासून तिला ओळखतो, पण हे काही त्याला अजून उमगलेलं नाही.

त्या वसंतात आमच्या टेक्ससच्या डोंगराळ भागात कोल्हे पिसाळले होते. नदीपलीकडच्या रँचवर एका कोल्ह्याने भरदुपारी राखणीच्या कुत्र्यालाच फाडलं. मर्लीनकडे शेळ्या. नवरा गेल्यापासून त्यांचं सगळं ती एकटीच बघते. घरात रायफल होती, पण एका हातात दाण्याची बादली आणि दुसऱ्यात फाटकाची साखळी असली, तर रायफल धरायची कशात?

"कंबरेला लावली की विसरून जाईन अशी छोटी रिव्हॉल्वर बघते," ती रविवारी जेवताना म्हणाली.

"थ्री फिफ्टी-सेव्हन मॅग्नम!" रॉइसने तोंडातला ब्रिस्केटच्या मांसाचा घास गिळायचीही वाट पाहिली नाही. "माझ्यासारखी. तिच्यापुढे काही टिकत नाही."

"माझ्यापुढे कोल्हा येणार आहे रे. हत्ती नाही."

"आणि त्याच रिव्हॉल्वरमध्ये थर्टी-एटच्या, जरा हलक्या गोळ्याही चालतात. एकात दोन. याहून शहाणपणाचं काय असतं?"

"बघू," मर्लीन म्हणाली आणि तिने मला बटाट्याचं सॅलड वाढलं.

गावात बंदुकांचं दुकान इनेस कान्तूचं. आम्ही तिघंही तिथे गेलो. बाई मोजकं बोलते आणि गिऱ्हाइकाला विकायची घाई करत नाही. दुकानामागे कोरड्या ओढ्याची उंच दरड आहे, तिथे ती चालवून बघू देते. तिने आधी मर्लीनचा उजवा हात हातात घेऊन अंगठ्याचा सांधा दाबून पाहिला. आयुष्यभर धारा काढून तो सुजलेला.

"दुखतो?"

"थंडीत. आणि रॉइस बोलायला लागला की."

इनेस हसली. तिने तीन छोट्या रिव्हॉल्वर फळीवर मांडल्या. दिसायला तिन्ही बहिणी-बहिणी, आखूड नळीच्या, हलक्या. दरडीला एक कागदी प्लेट टाचली. आम्ही कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या.

पहिली थ्री फिफ्टी-सेव्हन. मर्लीनने चाप ओढला आणि नळीतून हा एवढा भडका निघाला. दरडीवरची माती उडाली, प्लेट जागच्या जागी. मर्लीनने रिव्हॉल्वर खाली ठेवून हात झटकला. तिचे डोळे पाणावले होते.

"हलकी आहे म्हणून दणका जास्त बसतो," इनेस म्हणाली. "याच गोळीची मोठी, जड असती तर एवढा बसला नसता. पण मग ती कंबरेला टोचते."

"आवाज मोठा, काम शून्य," मर्लीन म्हणाली. "घरातल्या कुणाची तरी आठवण झाली."

मी इतकी हसले की रॉइसने माझ्याकडे रागाने पाहिलं. "सवय होते!" तो म्हणाला.

मग थर्टी-एट. पहिल्या दोन गोळ्या प्लेटीत बसल्या. नंतर मात्र चाप ओढण्याआधीच तिचे खांदे आवळू लागले, आणि शेवटची गोळी प्लेटीखाली मातीत गेली. वाईट नव्हतं. रॉइस "बघ, बघ" करत होता. पण मर्लीन स्वतःच्या हाताकडे बघत होती.

तिसरी थर्टी-टू मॅग्नम. तेवढ्याच आकारात हिच्यात पाचाऐवजी सहा गोळ्या. मर्लीनने पहिली झाडली, थांबली, भुवया वर केल्या. मग उरलेल्या एकीमागून एक, घाई न करता. सगळ्या प्लेटीत.

"बत्तीस?" रॉइस म्हणाला. "अगं, खारीला गुदगुल्या होतील त्याने!"

"समोर उभा राहतोस?" इनेसने विचारलं. मग मर्लीनकडे वळली. "तुला खरं सांगते. हिची ताकद कमीच आहे. रानडुक्कर आलं तर हिच्या भरवशावर थांबू नकोस, गाडीत जाऊन बस. आणि हिच्या गोळ्या सगळीकडे मिळत नाहीत, मागवाव्या लागतात."

"मागव. सराव करायचाय मला," मर्लीन म्हणाली. "माझ्या हाताला झेपते आणि जिथे बघते तिथे लागते. चुकलेली मोठी गोळी घेऊन काय करू?"

रॉइस परतताना सगळी वाट बडबडत होता. मर्लीन खिडकीबाहेर बघत होती.

उन्हाळा लागल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे पाण्याचं कुंड दुरुस्त करायला गेलो. रॉइसची रिव्हॉल्वर गाडीतच होती. वाकलं की पोटात रुतते म्हणून त्याने ती केव्हाच पट्ट्यातून काढली होती. ऐन दुपारची वेळ. शेळ्या एकदम एका कोपऱ्यात गोळा झाल्या. मी वळून पाहिलं, तर गर्द झुडपांतून कोल्हा येत होता. झोकांड्या खात, तोंडाला लाळ, आणि आम्हाला जराही न घाबरता.

"हाऽऽड!" म्हणत रॉइस बादली घेऊन पुढे झाला. कोल्हा थेट अंगावर आला. रॉइस मागे सरकताना पाइपात अडकून पाठीवर पडला, आणि कोल्ह्याने बुटाच्या वर त्याची पोटरी धरली.

"नेडीन! गाडीतून माझी आण!"

मी धावले, पण गाडी फाटकापाशी, म्हणजे पार लांब.

मर्लीन धावली नाही. ती बाजूने चालत गेली, कोल्ह्याच्या पलीकडे नुसती जमीन येईल अशा जागी. मग एक गुडघा टेकला.

"रॉइस, पाय हलवू नकोस."

"अगं, माझा पाय आहे तो!"

"म्हणून तर सांगतेय."

आणि रॉइस खरंच दगडासारखा पडून राहिला. तिने कोल्ह्याच्या खांद्यामागे गोळी घातली. पोटरी सुटली. कोल्हा उठू पाहत होता, तेव्हा दुसरी. मग तो उठला नाही.

मी रिव्हॉल्वर घेऊन धापा टाकत परतले, तोवर मर्लीन रॉइसची जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवत होती. दातांच्या दोन खुणा, खोल नव्हत्या.

"डोक्यात का नाही मारलीस?" रॉइसने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एकीत काम झालं असतं."

"पिसाळलेला होता का, ते मेंदू तपासून कळतं. मेंदूच उडवला तर काय तपासणार?"

जखमेला फडकं बांधून झाल्यावर मात्र मर्लीन कुंडाच्या कडेवर बसली, आणि मी तिचे हात पाहिले. थरथरत होते. मी ते धरून ठेवले. "होईल बरं," ती म्हणाली. "आता थरथरले तर चालतंय."

तपासणीत कोल्हा पिसाळलेलाच निघाला. रॉइसच्या इंजेक्शनांच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटच्या खेपेला आम्ही तिघंही दवाखान्यात बसलो होतो. शेजारी एक शेतकरी बसला होता, आपल्या बायकोसाठी रिव्हॉल्वर घ्यायची म्हणत होता.

"थर्टी-टू बघा," रॉइस अगदी जाणकाराच्या थाटात म्हणाला. "लोक उगाच मोठ्याच्या मागे लागतात. नेम महत्त्वाचा, नेम!"

मी मर्लीनकडे पाहिलं. आता ही टोमणा मारणार, असं वाटलं. तिने पर्समधून पेकान-पाय या गोड पदार्थाचा तुकडा काढला, कागद सोडला आणि अर्धा भावाच्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "तुला आत बोलावतील आता."