दिराने केलेलं ॲप

दिराने पंधरा दिवसांत ॲप करून दिलं, तेव्हाच डॉक्टरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांचा जनावरांचा दवाखाना. कोणत्या कुत्र्याला लस कधी, कोणत्या गाईला औषध कोणतं, हे सगळं फोनवर हवं होतं. एका कंपनीने सांगितलं होतं, दोन जातींच्या फोनसाठी दोन ॲप वेगवेगळी लिहावी लागतील, सहा महिने धरा.

"एवढ्या लवकर कसं जमलं, भाऊजी?"

"जमलं, वहिनी. तुम्ही वापरा तर खरं!"

हे काही उत्तर नव्हे. बाई ॲपवर डोळा ठेवून राहिल्या. यादी सरकवताना ती किंचित अडखळायची. एकदा बटणावर बोट जरा जास्त टेकलं, तर त्यावरचा शब्द निळा झाला आणि 'कॉपी करायचं का' म्हणून विचारू लागला. असं वेबसाइटवर होतं. नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "माझ्या भावाचं काही असलं की तुला त्यात काळंबेरंच दिसतं."

मग एके दुपारी गावाबाहेरच्या गोठ्यात गाय तापाने फणफणलेली. इंजेक्शन भरण्याआधी बाईंनी जुनी नोंद उघडली. स्क्रीन पांढरीफटक. पत्र्याखाली रेंज नव्हती. त्या तशाच धावत रस्त्यापर्यंत गेल्या. नोंद उघडली: हेच औषध या गाईला मागे सोसलं नव्हतं. बाई परत गोठ्यात गेल्या आणि दुसरं औषध भरलं.

संध्याकाळी दिराला दवाखान्यात बोलावलं.

"ॲपच्या आत नुसती वेबसाइटच आहे ना?"

तो म्हणाला, "हो. वरून ॲपचं कवच चढवलंय. एकदाच लिहायचं, दोन्ही फोनवर चालतं. पुष्कळ जण असंच करतात, वहिनी."

"करू देत. मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या कंपनीकडे गेला असता."

"गेले असते," बाई म्हणाल्या. "आज गाय गेली असती, भाऊजी."

त्याचा चेहरा पडला. नोंदी फोनमध्येच साठवता येतात, म्हणाला; रेंजचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ दिवस खपून त्याने ते केलं. बाईंनी त्याच्यासमोर फोनचं नेट बंद केलं आणि एकेक नोंद उघडून पाहिली. सगळ्या उघडल्या.

ॲप त्यांनी ठेवलं. यादी अजूनही अडखळते, त्याचं त्यांना काही नाही. पण दीर "झालं, वहिनी" म्हणाला, की त्या आजही आधी नेट बंद करून बघतात.